शिरढोणचा वसा

पनवेलच्या एसटी आगारात सकाळच्या वेळी पेणची गाडी मिळायला फार ताटकळावं लागत नाही. होळी नुकतीच होऊन गेली होती. गाडीत बाजार उरकून परत निघालेल्या बायका होत्या, पायाशी भाजीच्या रिकाम्या टोपल्या. पुढच्या बाकावर कॉलेजची मुलं. मी शिरढोणचं तिकीट मागितलं, तेव्हा कंडक्टरने मशीनवर बोट ठेवता ठेवता विचारलं, "फडक्यांच्या वाड्यावर का?" मी हो म्हटलं. "जा, बघून या," एवढं बोलून तो पुढे सरकला.

नेरूळला राहणाऱ्या माणसाला शिरढोण लांब नाही. हार्बरची लोकल सीवूड्स, बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर करत पनवेलला सोडते आणि तिथून गोव्याच्या रस्त्याने आठ-नऊ किलोमीटर. पण या अंतरात काळाचे किती थर ओलांडावे लागतात! १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली, मिठागरांवर आणि भातखाचरांवर सेक्टर उभे राहिले. आता उलव्याची टेकडी सपाट करून बांधलेल्या विमानतळावर विमानं उतरतात. या विमानतळाला लोकनेते दि. बा. पाटलांचं नाव मिळावं म्हणून इथल्या भूमिपुत्रांनी किती मोर्चे काढले, ते नवी मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. चिवटपणा या मातीला नवा नाही. पण त्याचं मूळ शोधायचं तर मागे जावं लागतं, पनवेलच्या दक्षिणेला, कर्नाळ्याच्या पायथ्याच्या बाजूला.

गाडी पळस्पे फाट्यावर आली. पुण्याचा जुना रस्ता, गोव्याचा रस्ता आणि बंदराकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना भिडतात. न्हावा-शेव्याचे कंटेनर, कोकणात जाणाऱ्या गाड्या, दत्त स्नॅक्ससमोर वड्यासाठी थांबलेली माणसं, असा सगळा गजबजाट. मे १८७९ मध्ये याच पळस्प्यावर आणि जवळच्या चिखल्यावर दौलतराव नाईक या रामोशी सरदाराने छापा घातला होता. लूट मोठी होती. ती घेऊन घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठलं आणि दौलतराव गोळी लागून पडले. ज्या बंडासाठी ती लूट होती, त्या बंडाचा म्होरक्या या फाट्यापासून हाकेच्या अंतरावर जन्मलेला. वासुदेव बळवंत फडके.

शिरढोणला उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. हमरस्ता सोडून आत वळलं की गाडीघोड्यांचा आवाज मागे पडतो. आंब्यांना मोहोर होता, काही झाडांवर बोराएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या. नवी सिमेंटची घरं आणि मध्येच एखादं कौलारू. वाट विचारायला मी एका दारात थांबले. ओटीवर एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"कुठशी आलाव?"

"नेरूळहून, आजी. वाडा बघायला आले."

"पानी प्या आधी. वाडा कुठं पलून जात नाय."

आजींनी तांब्या पुढे केला. पाणी पिताना माझी नजर त्या घराच्या दाराकडे गेली. जुनं सागवानी दार, लोखंडी बिजागरी नाही. फळीच्या खालच्या आणि वरच्या टोकाला लाकडाचाच गोल खुंटा ठेवलेला, आणि तो उंबऱ्यातल्या खळग्यात फिरतो. आजींच्या नातवाने मला दार किंचित उचलून दाखवलं. दोन्ही हातांनी जोर लावला तर ते अख्खं दार खळग्यातून वर येतं. आतून अडसर असला तरी दाराचा जीव त्या दोन खुंट्यांत. वाड्याकडे चालताना ते दार डोक्यातून जाईना, कारण फडक्यांच्या आयुष्यात शेवटी एक दारच येतं. त्याविषयी पुढे सांगते.

वाड्यासमोर उभं राहिलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की हे खात्यापित्या घराण्याचं घर होतं. ४ नोव्हेंबर १८४५ ला वासुदेवांचा जन्म इथे झाला. घराण्यात कर्नाळ्याची किल्लेदारी. आजोबा अनंतराव गडावर असताना १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने कर्नाळा घेतला. म्हणजे नातवाने ओटीवरून मान वर करून पाहिलं की दिसणार तो आजोबांच्या हातून गेलेला गड. अशा घरातल्या मुलाने कल्याणला, मुंबईला शिकावं, इंग्रजी यावं, सरकारी नोकरी धरावी आणि सुखाने राहावं, ही त्या काळची सरळ वाट. वासुदेवही त्याच वाटेने गेले. पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून झाले. नेमाने पूजाअर्चा करणारा, दत्ताचा भक्त, बळकट बांध्याचा, तालमीत रमणारा माणूस.

पहिला मोठा नकार त्यांना त्याच कचेरीत मिळाला. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला आणि रजा मिळाली नाही. ते रजेविनाच निघाले. घरी पोचले तेव्हा आई गेली होती. पुढे वर्षश्राद्धासाठी अर्ज केला, तोही नामंजूर झाला. मी वाड्याच्या पायरीवर बसून राहिले. पुण्याहून घाट उतरून जीव मुठीत धरून आलेला पंचविशीतला मुलगा आणि दारात थांबलेली माणसं. या एका अपमानाने क्रांतिकारक घडला असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. असे अपमान गिळून निवृत्तिवेतन घेणारे हजारो कारकून त्या काळात होते. पण या अपमानाने त्यांच्या आत एक जागा मोकळी केली, हे मात्र मला पटतं. ती जागा पुढे दुसऱ्यांच्या दुःखाने भरली.

पुण्यात त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्यानं ऐकली. देशातली संपत्ती कशी बाहेर वाहून जाते, धंदे कसे बसतात, ते समजून घेतलं. स्वदेशीचा नेम धरला. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनच्या उभारणीत ते होते. आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी ती हीच. लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत त्यांनी दांडपट्टा आणि तलवार घोटली. ब्राह्मण कारकुनाने मातंग वस्तादाचं शिष्यत्व पत्करलं. लहुजींचे वडील राघोजी १८१७ च्या खडकीच्या लढाईत पडले होते. आपली दुसरी पत्नी गोपिकाबाई यांना वासुदेवांनी लिहा-वाचायला शिकवलं आणि हत्यार धरायलाही.

मग १८७६ चा दुष्काळ आला. दोन वर्षं पाऊस रुसला. दख्खनेत विहिरी आटल्या, जनावरं मेली, माणसं गाव सोडून रस्त्याला लागली. या दुष्काळात हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसं गेली असं मानलं जातं. त्याच काळात धान्य जहाजात भरून परदेशी जात होतं. सरकारचा दुष्काळ-प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल फिरत होता. दुष्काळी कामावरच्या धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा पुरे, असं त्याने ठरवून टाकलं. एक पौंड म्हणजे अर्धा किलोदेखील नाही. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. हाच टेंपल १८७७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. वासुदेव गावोगाव हिंडले, त्यांनी ही भूक जवळून पाहिली, आणि ती पाहिल्यावर त्यांना कचेरीतले आकडे मांडत बसणं शक्य राहिलं नाही. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी या उपासमारीच्या यातनांविषयी लिहिलं आहे. भुकेने मरणाऱ्या लोकांना ते आपल्याच आईची लेकरं मानत होते आणि त्यांच्यासाठी काही करणं हे त्यांना देवाने घातलेलं काम वाटत होतं. त्यांच्या दत्तभक्तीत आणि त्यांच्या बंडात त्यांनी कधी भिंत घातली नाही. सकाळची पूजा आणि रात्रीची मसलत एकाच श्रद्धेने चालली.

पण काम देवाने घातलं म्हणून माणसं हात जोडून पुढे येत नाहीत. वासुदेव आधी ज्यांच्याकडे गेले ते शिकलेले, पैसेवाले, आपल्याच वर्तुळातले. त्यांनी ऐकून घेतलं आणि दारं लावली. कुणाला नोकरीची काळजी, कुणाला मुलाबाळांची. व्याख्यानाला टाळ्या मिळत होत्या, स्वराज्यासाठी माणूस मिळत नव्हता. तेव्हा ते रामोशांकडे गेले. गडकोटांची राखण करणारा हा समाज पेशवाईनंतर वतनं गमावून बसला होता. १८३२ मध्ये फाशी गेलेल्या उमाजी नाइकांची आठवण त्यांच्या घराघरांत जिवंत होती. फेब्रुवारी १८७९ मध्ये लोणीकंदच्या बाजूला माणसं जमली आणि पहिला छापा शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पडला. हाती किती आलं? चारशे रुपयांच्या आसपास. इंग्रजांचं राज्य उलथायला निघालेल्या माणसाची ही पहिली पुंजी.

पुढचे छापेही पडले, पण वासुदेवांना हवं होतं ते घडेना. दळणवळण तोडायचं, खजिने घ्यायचे, त्या पैशावर फौज उभारायची आणि एकाच वेळी ठिकठिकाणी उठाव करायचा, असा त्यांचा बेत होता. बरोबरच्या बऱ्याच माणसांना मात्र दुष्काळात घरी चूल पेटवायची होती. वाटा मिळाला की ती घरी जायची. त्यांना दोष देण्याचं धाडस माझ्यात नाही. उपाशी माणसाला दहा वर्षांनंतरचं स्वराज्य दाखवून थांबवता येत नाही. पण नेत्याचं काय होत असेल? शिकलेल्यांनी नकार दिला, गरिबांनी होकार दिला आणि अर्ध्या वाटेत सोडलं.

अक्कलकोटच्या भक्तमंडळींत एक आख्यायिका सांगतात. वासुदेव स्वामी समर्थांच्या दर्शनाला गेले आणि त्यांनी आपली तलवार स्वामींपुढे ठेवली. स्वामींनी ती स्वतःच्या हाताने द्यावी, म्हणजे आशीर्वाद मिळाला, असं त्यांच्या मनात होतं. स्वामींनी तलवार एका सेवेकऱ्याकडून जवळच्या झाडावर ठेववली आणि काही बोलले नाहीत. वासुदेव बराच वेळ थांबले. स्वामींना आत्ता लढा मान्य नाही, वेळ आलेली नाही, हे त्यांना उमगलं. त्यांनी नमस्कार केला, झाडावरची तलवार उतरवली आणि ती घेऊन निघाले. ही कथा जशी घडली तशी सांगितली जाते की भक्तांच्या तोंडी घडत गेली, याचा निवाडा करण्याचं मला कारण नाही. तिच्यात त्या माणसाचा स्वभाव अचूक पकडला आहे. त्यांनी संतावर राग धरला नाही, श्रद्धा सोडली नाही आणि तलवारही सोडली नाही.

वाडा पाहून मी कर्नाळ्याकडे निघाले. शिरढोणहून पुढे खिंडीच्या रस्त्याला अभयारण्याचं फाटक लागतं. १९६८ पासून हे जंगल पक्ष्यांसाठी राखलेलं आहे. आत शिरल्यावर ऊन पानांतून गाळून येतं. सावरीची तांबडी फुलं वाटेवर पडली होती, वरून कोतवालाची शीळ ऐकू येत होती. गडाची चढण सोपी नाही. मुरमाड वाटेवर पाय सरकतो, मुळांना धरून वर जावं लागतं.

या चढणीवर मला माझ्या स्वतःच्या कामाचा विचार करायचा होता आणि त्यासाठीच मी एकटी आले होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तुर्भ्याच्या वस्तीतल्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवते. दहा बाय बाराच्या घरात पाच माणसं, टीव्ही आणि स्वयंपाक असताना दहावीचं पोर पुस्तक कुठे उघडणार? म्हणून एक खोली, दोन ट्यूबलाइट, चटया आणि शांतता. एवढंच ते काम. ती खोली गेली. दुसरी जागा मिळावी म्हणून केलेले अर्ज एका कचेरीतून दुसरीत फिरले आणि नाही म्हणून परत आले. मदत करणारे हळूहळू कमी झाले. घरचे प्रेमाने म्हणतात, आता पुरे, प्रकृती सांभाळ. फडक्यांच्या आयुष्याशेजारी माझी खोली ठेवण्याइतकी मी अविचारी नाही. पण थकवा लहान कामातही खरा असतो, आणि मनातला प्रश्न तोच असतो: सगळे नाही म्हणत असतील, तर हे काम देवाने मला दिलं होतं हे मी कशावरून धरून चालले?

माचीवर पोचल्यावर समोर कर्नाळ्याचा सुळका उभा राहतो. काळ्या दगडाचा उभा खांब, अंगठ्यासारखा, त्याच्या कपारीत मधमाश्यांची पोळी लटकलेली. खाली एका बाजूला शिरढोणची कौलं, पलीकडे पनवेलच्या इमारतींची दाटी, धुरकट खाडी. या उंचीवरून मी त्यांच्या आयुष्यातला तो भाग आठवत होते, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

१८७९ च्या उन्हाळ्यात, माणसं पांगल्यावर, वासुदेव दक्षिणेला श्रीशैलला गेले. मल्लिकार्जुनाचं ज्योतिर्लिंग, नल्लमलाच्या डोंगरातलं दाट जंगल, खाली कृष्णेचं खोल पात्र. आपल्या हातून काम झालं नाही, तेव्हा हा देह देवाच्या पायी ठेवावा, अशा निश्चयाने ते तिथे गेले होते. तिथे त्यांनी आपलं आत्मचरित्र लिहिलं. देशबांधवांसाठी हाती घेतलेलं काम पुरं करू शकलो नाही म्हणून त्यांनी त्यांची क्षमा मागितली आहे. सगळ्यांनी नाकारलेला माणूस, ज्यांनी नाकारलं त्यांचीच क्षमा मागतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचू शकले नव्हते.

आणि तरी श्रीशैलला त्यांचा शेवट झाला नाही. ते डोंगर उतरले. निजामाच्या मुलुखात गेले, रोहिल्यांशी बोलणी केली, इस्माईल खानाशी माणसांचा करार केला, पुन्हा फौज जमवायला लागले. इथे जमलेली माणसं वेगळी, भाषा वेगळी, धर्म वेगळा. काम तेच. देवापुढे मरण मागायला गेलेला भक्त काम घेऊन परत आला. देवाने त्यांना कोणता कौल दिला ते त्यांनाच ठाऊक. मला एवढं दिसतं की त्यांनी देवाकडून यशाची खात्री घेतली नाही. जिवंत आहोत, म्हणजे काम संपलेलं नाही, एवढीच खूण त्यांना पुरली. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या सुळक्याखाली मिळालं ते हे. लोकांचा होकार ही कामाची सनद नव्हती, म्हणून त्यांच्या नकाराने ती रद्द होत नाही.

फौज उभी राहायच्या आत जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले. त्यांच्यावर बक्षीस लागलं होतं, आणि त्यांनीही उलट गव्हर्नर टेंपलच्या डोक्यावर बक्षीस जाहीर केलं होतं. मेजर डॅनियल आणि निजामाचा अधिकारी अब्दुल हक त्यांच्या मागावर होते. विजापूरकडच्या देवर नावदगी गावातल्या देवळात, तापाने आणि दगदगीने गाढ झोपलेले असताना त्यांना धरलं. पुण्यात खटला चालला. बंडखोराच्या बाजूने उभं राहणं जोखमीचं असतानाही त्यांचं वकीलपत्र गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी घेतलं. शिक्षा झाली जन्मठेप, काळ्या पाण्याची. १८८० च्या सुरुवातीला त्यांना एडनला नेलं. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात चिपळूणकर, टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं आणि पुढच्या वर्षी केसरी निघाला.

आता ते दार. एडनच्या तुरुंगात, अरबी समुद्रापलीकडे, बेड्या घातलेल्या या कैद्याने एका रात्री कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडलं आणि तो बाहेर पडला. ओळखीचा माणूस नाही, भाषा येत नाही, सभोवार वाळू आणि उघडे डोंगर. तरी निघाला. काही मैलांवर तो पुन्हा पकडला गेला. यातून काय साधणार होतं? व्यवहाराच्या दृष्टीने काहीच नाही. पण मला त्या रात्रीचे दोन हात दिसतात, लोखंडाला धरलेले. ज्या माणसाने कचेरी, वाडे, मठ आणि देऊळ या सगळ्या दारांवर नकार ऐकला होता, त्याने शेवटच्या दारापुढेही हात जोडून बसायचं नाकारलं. १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनलाच त्यांचं निधन झालं. वय अवघं सदतीस. त्यांचे वस्ताद लहुजी दोन वर्षांपूर्वी, १८८१ मध्ये, याच तारखेला गेले होते.

गड उतरताना एक गोष्ट मनात घोळत होती आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. वासुदेवांच्या छाप्यांत सावकार लुटले गेले, घरं धास्तावली, रामोशी गावांवर पुढे सरकारी वरवंटा फिरला. देवाने दिलेलं काम असं म्हणणाऱ्याच्या हातात तलवार असावी का, हा प्रश्न मलाही पडतो, आणि मी माझ्या विद्यार्थ्यांना तो पडावा असंच म्हणेन. स्वतः वासुदेवांना लुटीचा आनंद नव्हता. लूट हेच ध्येय मानणाऱ्यांपासून ते दूर झाले होते. साधनाबद्दल आपण त्यांच्याशी वाद घालू शकतो. दुष्काळात मरणारी माणसं पाहून ज्याला झोप लागली नाही, त्या माणसाच्या निष्ठेबद्दल वाद घालायला आपल्यापाशी काही नाही. शिवाय त्यांनी स्वतःसाठी काय ठेवलं? नोकरी गेली, संसार मोडला, बायकोला माहेरी पाठवलं, घराकडे परतण्याची वाट बंद झाली. देवाच्या नावाखाली आपला हट्ट चालवणारा माणूस स्वतःसाठी काहीतरी राखून ठेवतो. माझ्यापुरती ही कसोटी मी तिथून घेऊन आले. काम देवाचं की आपल्या मानाचं, ते आपण त्यात काय सोडलं यावरून कळतं.

पनवेलला परत आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. महापालिकेच्या नाट्यगृहाला आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचं नाव आहे. फाटकाशी नाटकाची पाटी लागली होती, तिकीट खिडकीपुढे रांग होती. मुंबईत मेट्रो सिनेमाच्या चौकाला त्यांचं नाव आहे, पुण्यात संगमाजवळ त्यांचं स्मारक आहे, १९८४ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. वि. श्री. जोशींसारख्या अभ्यासकाने कष्टाने त्यांचं चरित्र उभं केलं, म्हणून आपल्याला एवढं तरी ठाऊक आहे. १८८३ च्या फेब्रुवारीत मात्र यातलं काहीच नव्हतं. त्या दिवशी कुणी हिशेब मांडला असता तर खात्यात एक फसलेलं बंड, मेलेले साथीदार आणि परमुलखातली एक कैद एवढंच निघालं असतं. हिशेब मांडण्याची ती वेळच नव्हती. चापेकर, सावरकर या पुढच्या पिढ्यांनी ज्याचं नाव आदराने घेतलं, त्या माणसाला हे कधीच कळणार नव्हतं, आणि ते कळावं अशी अट त्याने देवाला घातली नव्हती.

नवी मुंबईत माझ्यासारखी पुष्कळ माणसं आहेत. कुणी खाडीत जाळं टाकून हात रिकामे घेऊन येतो आणि तरी दुसऱ्या दिवशी होडी काढतो. कुणी बालवाडी चालवतं, कुणी फुटपाथवरच्या आजाऱ्याला उचलून रुग्णालयात नेतं, कुणी लिहितं आणि परत आलेलं हस्तलिखित पुन्हा पाठवतं. त्यांतल्या ज्याला ज्याला आज वाटत असेल की आता सोडावं, त्याने एकदा पनवेलहून पेणची एसटी धरावी आणि शिरढोणला उतरावं. वाडा पाहावा आणि पायांत बळ असेल तर कर्नाळाही चढावा. तिथे आपल्याला यशाचं आश्वासन कुणी देत नाही. पण हातातलं काम खरं असेल, त्यात आपला मान नसेल आणि दुसऱ्याची भूक असेल, तर उद्या सकाळी ते पुन्हा उचलायला तेवढं पुरतं. तुर्भ्याच्या मुलांची परीक्षा जवळ आली आहे. खोली मिळेपर्यंत ती माझ्या घरी, हॉलमध्ये, चटया टाकून बसतील. निरोप मी लोकलमधूनच पाठवले.